भिंगरीला दाखवलेली पाटी

ती. ताई,

धाकट्या भावाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? दाजींचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. माझं विचारशील तर कान सोडून बाकी सगळं ठीक आहे.

तू मला इथे कशाला धाडलंस ते मी विसरलेलो नाही. भिंगरी (चारचौघांत असं म्हटलेलं तिला आता चालत नाही, म्हणून मुद्दाम म्हणतो) या शर्यतीत पहिल्या तिघांत आली तर हंगाम पुरा करायचा, नाही तर मामाबरोबर घरी यायचं आणि गाडीचं खूळ कायमचं सोडायचं. तिनंही ते कबूल केलं. (मान वर न करता, पण केलं.)

आता या शर्यतीचं काय सांगू, कपाळ! ही मुळात खरी शर्यतच नाही. खरी मोठी शर्यत वेगळीच. तिथे जायला मिळावं म्हणून ही पोरं इथे एकमेकांची चाकं घासत बसतात. गाड्या सगळ्यांच्या अगदी सारख्या, का तर कोण चांगलं चालवतं ते कळावं. आणि कळून उपयोग काय, वर जागा रिकामी होते एखादी, तीही झाली तर. बाकीचे जन्मभर 'थोडक्यात हुकलं हो' म्हणत फिरणार. प्रत्येकामागे एक बाप असतो. कानांवर भलेमोठे हेडफोन, हाताची घडी. त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलत नाही, पण तोरा असा की गाडी हाच चालवतोय. आणि अकलेची कमाल पुढेच आहे: चाचणीत जो दहावा येतो त्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे उभं करतात. (आणि पहिला आलेला दहाव्या जागी. करा अजून मेहनत!) आपली भिंगरी बरोबर दहावी आली होती.

म्हणून ती सगळ्यांच्या पुढून सुटली, आणि पुढेच राहिली की गं! इथे रस्त्यालगतच्या भिंतीवरून चालकाला पाटी दाखवतात: कितवा नंबर, किती फेऱ्या उरल्या. आमच्या पाटीवाल्याच्या पाठीत ऐन वेळी उसण भरली, मेकॅनिक सगळे कामात, रिकामटेकडा मी एकटा. पाटी माझ्या हातात आली. आकडे बदलायचे, एवढंच काम, तेही मी नीट करत होतो. पण शेवटी शेवटी ती अशी काही सुसाट आली की मी आकडे तसेच सोडले. निघताना तू दहादा बजावलेलं आठवलं. मी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खडूनं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'सावकाश गं बाई'.

पुढच्या फेरीला तिनं ते वाचलं आणि गाडी हळू केली. तिघे सरसर पुढे गेले. भिंगरी चौथी. मुख्य मेकॅनिक मला काय काय म्हणाला ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

तर माझं म्हणणं असं की ते वाक्य तुझं. ती तीनचाकी सायकल चालवायची तेव्हापासून तू गॅलरीतून तेच ओरडत आलीस. मी नुसता निरोप्या. म्हणजे ती हरली ती तुझ्यामुळे, आणि म्हणून तुझी अट रद्द.

तुझा,
धाकटा

ता. क. मी रजा वाढवून घेतली आहे. मलाही हेडफोन मिळालेत. कुणी बोलत नाही, पण बरं वाटतं.

आणखी ता. क. भिंगरी मला एका शब्दानं बोलली नाही. हेल्मेट काढल्याबरोबर तिनं विचारलं, "आई कुठाय?" पाटी वाचून तिला वाटलं, तूच आलीस. गाडी हळू केली ती घाबरून नव्हे, माणसांत तुला शोधायला. आजवर तू एकदाही आलेली नाहीस, ताई. 'नाही आली' म्हटल्यावर ती बॅग भरू लागली. (अट म्हणजे अट. तुझीच मुलगी.) ती बॅग मी पुन्हा रिकामी केली आहे. पुढच्या शर्यतीला तू ये, पाटी तूच धर, आणि काय लिहायचं ते तुझं तू ठरव. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. भिंतीशी उभं राहायला जिना चढावा लागत नाही.