पंप बंद असताना मोजलेलं पाणी

४ मार्च

चि. मोजपट्टीस, अनेक आशीर्वाद.

दोन महिन्यांत तुझं पत्र नाही. पाणीखात्यात मोजमापं घेता घेता बहिणीची खुशाली विचारायची राहिली वाटतं! इकडे माझ्या लाँड्रीची विहीर सकाळी अकरालाच तळ दाखवते. दवाखान्याच्या चादरी दोन दिवस साबणात पडून राहिल्या, म्हणून त्यांनी काम दुसरीकडे दिलं. कामाच्या सहाही बायका येतात, बसतात आणि जातात.

शेजारच्या नव्या वसाहतीच्या बोअर अखंड चालतात. मी भांडायला गेले, तर तिथल्या बिल्डरने कागद पुढे केला. इथे पाणी मुबलक आहे म्हणे, आणि खाली तुझी सही. तू कधी मोजलंस रे?

मुलांना पापे. लोभ आहेच, तो कागदावरही उतरू दे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. दाजी गेले तेव्हा पंधरा दिवस तुझ्याकडे होतो, तेव्हाच मोजलं. वसाहतीच्या पाण्याचा अहवाल अडला होता, विहीर दारातच होती. वाटलं, आलोच आहोत तर उरकून टाकू. लाँड्री बंद असल्यामुळे पाणी वर चढलेलं होतं. दिवसभर पंप चालवून पातळी किती उतरते ते बघायचं असतं. पण तू आत रडत होतीस. त्यात पंपाची घरघर नको, म्हणून मी तो लावलाच नाही. चढलेलाच आकडा लिहिला.

आता आणखी तीनशे घरांना तोच आकडा लावताहेत. खरं लिहून दिलं तर नोकरी जाईल. तू सांगशील तसं करतो.

तुझा भाऊ

१८ मार्च

चि. भावास, आशीर्वाद.

माझ्यावर ढकलू नकोस. लाँड्री मी कालच बंद केली. आज वसाहतीतली एक बाई तान्हं बाळ कडेवर घेऊन पाणी मागायला आली. त्यांच्याही बोअर आटल्यात. माझ्याकडे एक बादली होती. मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं. मला माझीच लाज वाटते आहे.

लगेच लिहून दे. नोकरी गेली तर सगळे इकडे या, एका चुलीवर भागवू.

ताई

२५ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

लिहून दिलं. साहेबांनी शांतपणे वाचलं, मला चहा पाजला. म्हणाले, भिंती उभ्या राहिल्यात, घरं विकली गेलीत, आता आकडा बदलून कसं चालेल? कागद त्यांनी खणात टाकला. नोकरी गेली नाही, फक्त मोजणीवरून काढलं. उद्यापासून त्याच तीनशे घरांत नळ बसवायचं काम माझ्याकडे आहे.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

तुझा धाकटा