पांढरी भिंत आणि साखरेची वही

६ फेब्रुवारी
साखर: १४०.
डॉक्टरांनी ही वही रोजची साखर लिहायला दिली. एवढं मोठं पान आणि एक आकडा, कागद वाया जातो. उरलेल्या जागेत माझं लिहीन. कोण वाचतंय. लहानपणी आमच्या पोर्तुगीज बेटावर चार इयत्ता शिकले, पाचवीला गाय व्याली आणि शाळा सुटली. तरी अक्षर बरं आहे.

आज आनंदाची गोष्ट. आमच्या इमारतीतल्या अठ्ठेचाळीस घरांनी बिल्डरवर केस घातली आहे, भिंतींतून पाणी येतं म्हणून. वकीलबाई विटकम घरं बघत फिरत होत्या. पाच घरं नमुना म्हणून निवडायची, आणि त्यांच्या भिंती आधी उघडून दुरुस्त व्हायच्या. माझ्या बैठकीतला डाग बघून म्हणाल्या, मिसेस सिल्वेरा, तुमची भिंत पहिल्या नंबरची. अठ्ठेचाळिसांत पहिली. माझा नवरा गिल्बेर्तु असता तर म्हणाला असता, घरात पाणी शिरलं म्हणून मिरवणारी तू एकटीच.
डाग लांब, निमुळता. हुबेहूब आमचं साओ जॉर्ज बेट. बुरशीची बारीक झाडीसुद्धा आहे.

७ फेब्रुवारी
साखर: बरी.
ओडिलियाचा फोन. मुलगी चांगली आहे, पण फोनवर खोकला मोजते. म्हणाली, आई, ही बुरशी तुझ्या छातीत जातेय. पुढच्या हिवाळ्याच्या पावसाआत भिंत नीट झाली नाही, तर तू फ्रेस्नोला माझ्याकडे यायचं, वाद नको. फ्रेस्नोला समुद्र नाही. आपली माणसं नाहीत. उन्हाळ्यात तिथे मेणबत्ती न पेटवता वितळते. मी जाणार नाही. भिंत पहिल्या नंबरची आहे, ती दुरुस्त होणारच.

२१ फेब्रुवारी
विटकमबाईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं. केस उभी राहायच्या आधी दोन्ही बाजूंनी आपापले कागद एकमेकांना दाखवायचे. जेवणाआधी एकमेकांच्या ताटात डोकावण्यासारखं. काही फेकायचं नाही, काही बदलायचं नाही, असा कायदा.
तीस वर्षं ओडिलिया म्हणते, आई, भंगार टाक. आता कायदा माझ्या बाजूने. अकरा खोकी भरली. तीन जुन्या ओव्हनची पुस्तकं घेऊन गेले, तर बाई म्हणाल्या, ही नकोत. ठेवली. कायदा आहे.

२८ फेब्रुवारी
पाऊस. तीन टॉवेल.

१४ मार्च
पाऊस. चार टॉवेल आणि गिल्बेर्तुचा स्वेटर. साखर लिहीत नाही, आज गोड पाव केला होता.
बाईंना डागाचे फोटो हवेत. अठरा सापडले. प्रत्येकात डागावर माझा विणलेला टेबलक्लॉथ टांगलाय. पाहुणे आले की मी टांगते, त्यात काय चुकलं. बाई म्हणाल्या, यात भिंत कुठे आहे? मी म्हटलं, टेबलक्लॉथच्या मागे.
मीटिंगला मार्लीन टटलने सॅलड आणलं होतं. सोसायटीची अध्यक्ष आहे म्हणून सगळ्यांनी खाल्लं. ओली भिंत चमच्याने खाल्ल्यासारखं लागतं.

१६ एप्रिल
आमच्या बेटाच्या लोकांच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढल्या. नाव निघालं, देओलिंडा सिल्वेरा. तेवीस वर्षं वाट पाहिली. आमच्या सणात घरोघरी फिरणारा पवित्र आत्म्याचा मुकुट मे महिन्यात आठवडाभर माझ्या घरी राहणार. रोज संध्याकाळी जपमाळ, सगळी आपली माणसं माझ्या बैठकीत. वेदी त्याच भिंतीशी लागेल, दुसरीकडे सोफा आहे.

२९ एप्रिल
वेदीच्या मागे बुरशी ठेवायची? माझ्या आईने मुकुटासाठी अख्खं घर चुन्याने धुतलं होतं, गोठ्यासकट. गाय दोन दिवस बिचकत होती. मी ब्लीचने घासून काढलं, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कंबर मोडली, पण काय दिसते भिंत. आता कुणीही शपथेवर सांगेल, या घरात पाण्याचा थेंब कधी आलाच नाही.
वकिलांना कळायचं कारण नाही. कळलंच तर समजावीन.

१५ मे
मुकुट सुखरूप दुसऱ्या घरी गेला. आठवडाभर सगळे म्हणत होते, देओलिंडा, काय स्वच्छ भिंत. साखर विचारू नये.
आज विटकमबाई माप घेणाऱ्या माणसाला घेऊन आल्या. भिंत बघितली आणि खुर्चीत बसल्या. मी गोड पाव कापला. खाल्ला नाही. म्हणाल्या, काही बदलायचं नाही असं सांगितलं होतं ना. मी म्हटलं, तुम्ही कागद म्हणालात, भिंत कुठे कागद आहे. बाईंनी कपाळ धरलं. मग हळूच विचारलं, पाणी कधी कधी आलं ते कुठे लिहून ठेवलंय का?
माझी जीभ. म्हटलं, तारखेसकट आहे की, साखरेच्या वहीत.

१६ मे
देणार नाही. बिल्डरच्या वकिलांनी मागितलेल्या कागदांच्या यादीत 'रोजनिशा, डायऱ्या, वह्या' लिहिलंय. ही साखरेची वही आहे. पिठाच्या डब्यात लपवली आहे. काढताना पानं पांढरी होतात, पण वाचता येतं.

२ जून
दिली. बाई म्हणाल्या, तुमच्या भिंतीचा हा एकच साक्षीदार उरलाय. असं म्हटल्यावर काय करणार.
वही परत मिळाली, प्रत्येक पानाची नक्कल त्यांच्याकडे. प्रत्येकावर शिक्का आणि नंबर. चौथीनंतर माझ्या लिखाणावर पहिल्यांदाच शिक्का. एक नक्कल अध्यक्षांना जाते, हे नंतर कळलं.

९ जून
मार्लीन लिफ्टमध्ये भेटली. मी म्हटलं, गुड मॉर्निंग. ती म्हणाली, भिंत कशी लागते, चमच्याने? आणि आपल्या मजल्याच्या आधीच उतरली.
ओडिलियानेही वाचलं. आई, गोड पाव किती वेळा? दोन वेळा, मी म्हटलं, बाकीचे लिहिले नाहीत.

१९ सप्टेंबर
माझी साक्ष, कोर्टात नाही, वकिलांच्या ऑफिसात. काळा सूट घातला. बिल्डरचे वकील प्रेंटिस, पांढऱ्या केसांचे, सभ्य. मी पाव नेला होता. दोन तुकडे खाल्ले, म्हणाले, माझी आजी असाच करायची. तेव्हाच ओळखलं, हा आपला झाला.
२८ फेब्रुवारी, तीन टॉवेल. १४ मार्च, चार टॉवेल. सगळं वाचत गेले, मान डोलावत. स्वेटरवर तर हसले. मग एक पान माझ्यापुढे सरकवून म्हणाले, हे तुम्हीच वाचाल का, खूण केलेलं वाक्य. चष्मा पुसून वाचलं. आता कुणीही शपथेवर सांगेल, या घरात पाण्याचा थेंब कधी आलाच नाही.
मी नुकतीच शपथ घेतलेली. विटकमबाई खिडकीबाहेर बघत होत्या.
ते म्हणाले, थँक यू, मिसेस सिल्वेरा, एवढंच. उरलेला पाव मात्र त्यांनी ठेवून घेतला.

२२ सप्टेंबर
माझं घर नमुन्यातून काढलं. त्या जागी मार्लीनचं. तिचा डाग केवढा, रुमालाएवढा. माझ्या भिंतीची पाळी कधी, तर कदाचित दोन वर्षांनी, कदाचित नाहीच.
मी बाईंना सांगितलं, वाट बघा. भिंत खोटं बोलत नाही. पाऊस येऊ दे.

६ नोव्हेंबर, सोमवार
आला. रात्रभर पाऊस, सकाळी भिंतीवर अख्खं साओ जॉर्ज, रंगाचे दोन हात फोडून वर. तेच टोक, तोच उतार. पाच टॉवेल. लगेच फोन केला. विटकमबाई आनंदल्या. मग विचारलं, आज तारीख काय? मग म्हणाल्या, पुरावे द्यायची मुदत शुक्रवारी संपली. तीन दिवस. मी म्हटलं, प्रेंटिसना विचारा, त्यांनी माझा पाव खाल्लाय. त्या म्हणाल्या, विचारते. दुपारी फोन आला. ते नाही म्हणाले, पण तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

८ नोव्हेंबर
ओडिलिया रविवारी टेप घेऊन येणार. माझा पलंग मापायचा आहे, फ्रेस्नोच्या शिवणाच्या खोलीत बसतो का बघायला. म्हणाली, भिंत कोरडी असेल तर राहा, ओली असेल तर बॅग भर. खोकला आहे, पण थोडासा, आणि तो फोनवरच जास्त ऐकू येतो.
मे महिन्यातला रंगाचा डबा हलवून बघितला. पुरेल.
याबद्दल मी या वहीत काही लिहिणार नाही.