नळाच्या वेळा आणि मालतीबाईंच्या हिरड्या

प्रति,
मा. पंचायत विकास अधिकारी,
ग्रामपंचायत सांगवडगी, ता. औराद, जि. बीदर

विषय : नळाला पाणी सोडण्याची वेळ ठरवून पत्नीच्या हिरड्यांचा विकार थांबवण्याबाबत.
संदर्भ : मागील अर्जावरील आपला शेरा, "हिरड्या पंचायतीच्या अखत्यारीत येत नाहीत."

महोदय,

१. अर्जदार निवृत्त शिक्षक असून आपला शेरा त्याने आदरपूर्वक वाचला. तथापि तो त्यास पटलेला नाही. नळ कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या हावगेप्पांनाही ठाऊक नसते. विचारल्यास "येतंय बगा सर, कामून घाई करायलाव?" एवढेच ते म्हणतात. परिणामी अर्जदाराच्या पत्नी मालतीबाई दिवसभर नळाकडे कान लावून, दातावर दात दाबून असतात. त्यांच्या हिरड्या सुजल्या, भाकरीच्या तुकड्याला रक्त लागू लागले आणि खालचा एक दात हलू लागला.

२. कार्यकारणभाव सिद्ध व्हावा म्हणून अर्जदाराने त्यांना बीदरच्या दंतवैद्य डॉ. विजयश्री यांच्याकडे नेले. ताण टिकून राहिला की शरीराची प्रतिकारशक्ती उणावते, हिरड्यांची सूज हटत नाही आणि दात आवळण्याने ती बळावते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अर्जदाराने ते तत्काळ टिपून घेतले. सूज न ओसरल्यास दात काढावा लागेल, असेही त्या म्हणाल्या.

३. पुढील मजकूर अर्जदाराच्या विरोधात जातो. परंतु तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. "अक्का, कशाचा ताण घ्यायलाव?" असे डॉक्टरांनी विचारताच अर्जदाराने "नळाचा" असे उत्तर दिले. तेव्हा मालतीबाईंनी तोंडातला कापूस काढला.

"नळाचं काय घेऊन बसलाव? आलं तर भरते, न्हाई आलं तर बोअरवरून आणते. ह्यांचे अर्ज हैत ना, डॉक्टर! एकेक ओळ धा बार वाचून दाखवत्यात. उठायले की म्हणत्यात, बस, अजून क्रियापद यायचंय!"

डॉक्टर हसल्या. अर्जदार हसला नाही. चिठ्ठीवर मऊ ब्रश, मिठाच्या गुळण्या आणि त्याखाली 'घरात अर्जवाचन बंद' असे लिहून मिळाले.

४. अर्जदाराचे म्हणणे असे की, ताणाचे कारण अर्ज मानले तरी अर्जाचे कारण नळच आहे. पाणी वेळेवर सुटले असते, तर लेखणी उचलण्याचे प्रयोजनच उरले नसते. सबब दोष फिरून पंचायतीकडेच येतो. हा युक्तिवाद मालतीबाईंना मान्य नाही. अर्जदार जवळ आला की हल्ली त्या आधी त्याच्या हातात कागद आहे का ते पाहतात.

५. तरी सकाळची कोणतीही एक वेळ ठरवावी, फळ्यावर लिहावी आणि पाळावी. प्रस्तुत अर्ज पंचायतीच्याच ओट्यावर बसून लिहिला असून कोणालाही वाचून दाखवलेला नाही. त्यामुळे काही वाक्ये कच्ची राहिली असतील. उत्तर अनुकूल असल्यास घरी पाठवावे. प्रतिकूल असल्यास अर्जदारास ओट्यावरच बोलावून हळू आवाजात सांगावे. दात अजून जागेवर आहे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
(सही)
पांडुरंगराव मुधोळकर
दिनांक : ९ मार्च २०२५

सोबत : १. दंतवैद्यांच्या चिठ्ठीची प्रत
२. या अर्जाचा कन्नड अनुवाद