आठ चिठ्ठ्यांचा सराव

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा. दोन बॅगा, एक गादी आणि एक लंगडा पाय एवढा संसार घेऊन तिसरा मजला चढलो. शिपाईकाकांनी चहा आणून समोर ठेवला तेव्हा वाटलं, चला, उरलेली नोकरी आता खुर्चीत बसून होणार. बावीस वर्षं अग्निशमन दलात काढली. गुडघा गेला नसता तर अजून तिथंच धूर खात असतो. आता मी ‘सर’. कॉलेजातल्या पोरांना आपत्ती व्यवस्थापन शिकवायचं. आमच्या वेळी आपत्ती शिकवत नव्हते, ती आपली आपण यायची.

खोली आवारातच आहे. खाली सरावाचा हॉल. त्याच्या एका कोपऱ्यात काचेची खोली आहे, आत चार टेलिफोन, एक वायरलेस आणि भिंतीवर नकाशा. तो नियंत्रण कक्ष. बाकी हॉलभर मुद्दाम रचलेला ढिगारा: तुटके स्लॅब, सिमेंटचे पाइप, दारं, एक मोडका फ्रिजसुद्धा. उंची माझ्या छातीइतकी. काही पोरं पाइपातून सरपटत आत जाऊन जखमी होऊन पडतात, बाकीची त्यांना बाहेर काढतात. माझ्या आधीच्या सरांनी तो स्वतःच्या हातांनी रचला, असं काका म्हणाले. ते सर सप्टेंबरात याच काचेच्या खोलीत, खुर्चीत बसल्याबसल्या गेले. हार्ट अटॅक. वाईट झालं, पण त्यांची जागा रिकामी झाली म्हणून मी इथं आलो, हेही खरंच.

वर्गात माझी भाची आहे, ताईची एकुलती एक. ताईचा सकाळपासून तीनदा फोन झाला. आता तूच आहेस तिथं, डोळ्यांत तेल घालून बघ तिच्याकडे, हे एकच पालुपद. भाचीनं मात्र जिन्यातच गाठून बजावलं की वर्गात मामा-बिमा नाही, ओळख दाखवलीस तर बघ, पोरं वशिल्याची म्हणतील. आईवर गेली आहे.

रोज लिहायची सवय नोकरीतली. जागेवर लिहिलं नाही तर नंतर सगळं आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं. वही शर्टाच्या खिशात, पेन्सिल दोरीला बांधलेली. ही सवय मोडणार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पोरं गुणी आहेत, पण सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा: नोकरी लागेल ना? वीस तारखेला निवडायला माणसं येणार आहेत, दोन कारखान्यांची आणि एका मोठ्या हॉस्पिटलची. त्यांना म्हणे मार्कांशी देणंघेणं नाही, त्यांना सरावाचं रजिस्टर बघायचंय.

आज चिठ्ठ्या शिकवल्या. अपघाताच्या जागी प्रत्येक जखमीच्या गळ्यात एक रंगीत चिठ्ठी अडकवायची. चालता येतंय तो हिरवा. थोडा थांबू शकतो तो पिवळा. आत्ताच्या आत्ता हलवायला हवा तो लाल. आणि गेला, किंवा वाचण्यातला नाही, तो काळा. त्याच्यापाशी थांबायचं नाही. भाचीनं हात वर करून विचारलं की जिवंत माणसाला काळी लावायची वेळ खरंच येते का. म्हटलं, येते, एकापाशी अडकून बसलात तर सात जातात. तुम्ही लावलीत का कधी, हा तिचा पुढचा प्रश्न. मी हसून टाळलं. नशिबानं एकदाही लावावी लागलेली नाही. ते पोरांना सांगितलं असतं तर माझी काय पत राहिली असती!

सोमवार, १० फेब्रुवारी

रजिस्टरात घोळ निघाला. सरांचा शेवटचा सराव उघडाच राहिलाय. सुरू केल्याची वेळ आहे, संपल्याची नाही. बिचाऱ्यांनी सुरू म्हणून लिहिलं आणि चिठ्ठ्या वाटायच्या आतच गेले. चिठ्ठ्यांचा लिफाफा तसाच चिकटवलेला, कपाटात.

प्राचार्यबाईंना उघडी नोंद नकोय. रद्द मारली तर कॉलेजचं नाव खराब दिसेल म्हणाल्या, काहीतरी करा. त्यात काय मोठं? आमच्या कामात हे रोजचंच. आग चालू असताना मोठा साहेब येतो, ‘कमान माझ्याकडे’ म्हणतो, आणि त्या क्षणापासून तिथलं सगळं त्याचं होतं. मीही सरांच्या नोंदीखाली झोकात लिहिलं, ‘कमान स्वीकारली’, आणि सही ठोकली. रजिस्टरात वर नियम छापलाय की आठही जखमींची शेवटची नोंद झाल्याशिवाय सराव संपत नाही. परवा उरकून टाकू. बाई खूश.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अकरा दहाला सराव सुरू केला. लिफाफा फोडला. आठ चिठ्ठ्या, सरांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येकीच्या मागे जखमीची हालत लिहिलेली: दहा मिनिटांनी काय होईल, वीस मिनिटांनी काय, असं साठपर्यंत. बारकावे इतके की वाचताना मलाच कसंतरी झालं. सात चिठ्ठ्यांवर साठाव्या मिनिटाला एकच वाक्य: ‘सराव न संपल्यास दगावेल.’ आठवी लाल होती. वीस वर्षांची मुलगी, सर्वांत खाली अडकलेली. तिचा साठाचा रकाना कोरा.

आठवी भाचीनं मागून घेतली. नाही म्हणणार होतो, पण मामाने लाड केले असं नको व्हायला, म्हणून दिली.

पोरांनी सुंदर काम केलं. चाळीस मिनिटांत आठही बाहेर. मी ‘सराव संपला’ जाहीर केलं, वेळ लिहिली. संध्याकाळी भाची खोलीवर आली, पोटभर जेवली, सरांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे म्हणून मला चिडवून गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रजिस्टरात सराव संपल्याची वेळ नाही. मी लिहिली होती. दाबून लिहिली होती.

वर्गातला आमचा गोलंदाज डावा हात छातीशी धरून बसला होता. सोंग पुरे म्हटलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड जागच्या जागी आहे. त्याच्या पिवळ्या चिठ्ठीवर दहाव्या मिनिटाला लिहिलंय: ‘डावा हात हलत नाही.’

भाची दिवसभर पाणी मागत होती. तांब्यावर तांब्या. तिच्या चिठ्ठीवर दहाव्या मिनिटाला: ‘सारखी तहान.’

योगायोग म्हणावा. म्हणतोय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

योगायोग नाही. आठही जण समोरच्या हॉस्पिटलात आहेत. भाचीचे पाय गार पडलेत, उचलता येत नाहीत. वीस मिनिटं म्हणजे दुसरा दिवस. मिनिटाऐवजी दिवस, दहाला एक.

तिची उशी झटकली तर सिमेंटची पूड पडली. केसांत, ओठांवर, दातांत. नर्सनं दोनदा पुसलं. पुन्हा आहेच.

ताई रात्रीच निघून सकाळी पोचली. मला म्हणाली, तू होतास ना इथं. एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काकांना धरून बसवलं. आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. सर तरुण असताना खरोखरच एक इमारत कोसळली होती आणि कमान त्यांच्याकडे होती. आत आठ जण सापडले. सात बाहेर काढले. आठवी मुलगी सर्वांत खाली होती, आतून बोलत होती. वरचा स्लॅब सरकायला लागला तेव्हा सरांनी तिला काळी लिहिली आणि माणसं मागे घेतली. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत होती म्हणे. चिठ्ठ्या त्याच आठांच्या. हा ढिगारा सरांनी तसाच्या तसा रचलाय, आणि गेल्या सप्टेंबरात तो सराव पहिल्यांदाच धरला, तिला या खेपेला तरी काढायचं म्हणून.

आणि मी मधेच जाऊन कमान घेतली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

चिठ्ठ्या फाडल्या. रजिस्टरात ‘रद्द’ लिहिलं. तासाभरानं बघतो तर चिठ्ठ्या पुन्हा सबंध, काचेच्या खोलीत, टेबलावर, ओळीने. ‘रद्द’ गायब.

रविवार, १६ फेब्रुवारी

चाळीस. भाची कुणाला ओळखत नाही. ताईलाही नाही. डोळे उघडे, पण माझ्या पलीकडे कुठंतरी बघते.

दुपारी हॉलमध्ये गेलो. लख्ख ऊन आत आलं होतं. ढिगाऱ्याखालून तिनं मला हाक मारली. मामा म्हणाली. पलंगावर शब्द फुटत नाही त्याच पोरीचा आवाज, स्वच्छ. विचारत होती की एवढा वेळ का लावतोयस, सगळे बाहेर गेले का.

मी स्लॅब उचलायला लागलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

छातीइतका ढिगारा. काल दुपारपासून उपसतोय. हॉलभर दगडांचे ढीग लागलेत आणि फरशी येत नाही. मान वर केली तर खड्ड्याच्या कडा माझ्या वर दिसतात. दोन पुरुष खोल आहे. पोरं मदतीला होती, घाबरून पळाली. काका तेवढे बादल्या ओढतायत.

ती बोलत राहते. पाय दुखत नाहीत म्हणते. मी जोक सांगितला, हसली. मी आत रडतोय हे तिला कळू दिलं नाही.

हॉस्पिटलातून निरोप: ती प्रतिसाद देत नाही. सात जणांच्या नाड्या मंदावल्यात. उद्या साठ. अकरा दहाला.

सात आया बाहेर व्हरांड्यात बसल्यात. आठवी माझी ताई.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी दहा. पोचत नाही. आवाज हातभर लांब, आणि हातभर खोदलं की पुन्हा हातभर.

दहा पन्नास. वर आलो. सात चिठ्ठ्यांवर ‘बाहेर काढले’ लिहिलं, अक्षरं टिकली. आठवीवर तेच लिहिलं. पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा —

शेवटची नोंद. एकतर बाहेर, नाहीतर काळी. तिसरं काही चालत नाही.

एकापाशी थांबलात तर सात जातात. मीच शिकवलं. तोंड वर करून शिकवलं.

अकरा सात. गोलंदाजाची आई काचेला हात लावून उभी आहे. तिला काही माहीत नाही.

अकरा आठ. लिहिलं. काळी.

टिकलं.

अकरा वीस. हॉस्पिटलात आलोय. सातही उठून बसले. गोलंदाजानं चहा मागितला म्हणे. बायका रडतायत, हसतायत, माझ्या पाया पडायला येतायत. मी नालायक माणूस आहे. ताई पलीकडे पलंगाशी बसलीय. तिची लेक अकरा दहाला गेली.

बारा. हॉलमध्ये गेलो. रजिस्टर बंद. सराव संपल्याची वेळ टिकून आहे. संपलं सगळं असं वाटलं, आणि खालून —

मामा, आहेस ना, म्हणाली.

दोन वाजता. खाली आहे. आता माती सरकतेय, खरंच सरकतेय, इतके दिवस अडून बसली ती आता लोण्यासारखी. काळी लिहिल्यावर. आता कशाला —

तिला सांगितलं नाही.

तीन. वर जाऊन ताईला फोन केला. म्हटलं, नेऊ नका, थांबा, ती इथं बोलतेय माझ्याशी, मी पोचतोच आहे. फोन भाऊजींनी तिच्या हातातून घेतला. साडेचारची वेळ मिळालीय म्हणाले, विद्युतदाहिनीत. तू येऊ नकोस म्हणाले.

चार. बोटं दिसली.

चार दहा. हात हातात आला. तिचाच. मनगटावरचं घड्याळ मीच दिलेलं. हात ऊबदार आहे, नाडी लागतेय, पासष्ट, सत्तर, चांगली नाडी आहे. जिवंत पोर आहे ही! काकांना पिटाळलंय, पळत जा, गाडी अडवा. म्हातारा माणूस, किती पळणार —

चार पंचवीस. खांदा मोकळा झाला. मान. एका हातानं लिहितोय, दुसरा ती सोडत नाही. अजून एक स्लॅब. एकच. काका आले नाहीत.

चार एकतीस. हात तापलाय. घाम नाही. ती विचारतेय, मामा, एकाएकी एवढं गरम का व्हायला लागलं, बाहेर कुणी —