धुतलेल्या बोटाचा ठसा

३ जून, निलंबूर
पोचले एकदाची! प्रयोगशाळेत नोकरी आणि सौदामिनीचेचीच्या माडीवर खोली. चेची म्हणजे इकडची ताई. घरमालकीण असावी तर अशी. आल्याआल्या गरम पुट्टू आणि चण्याचं कालवण पुढ्यात ठेवलं, आपली तान्ही मालू माझ्या मांडीवर टाकली आणि खुशाल कपडे वाळत घालायला गेली.
काम म्हणजे जायफळाच्या पानांच्या आत राहणाऱ्या बुरश्या शोधायच्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख आलियम्मा टीचर म्हणाल्या, पान धडधाकट असतं तोवर बुरशी आत गप्प बसते. पान थकलं की त्यालाच खायला लागते.

११ जून
पान ब्लीचनं धुवायचं, बुरशी वाढवायची अगरची जेली भरलेल्या बशीत त्याचा ठसा उमटवायचा. ठशावर काही उगवलं नाही तर पान बाहेरून स्वच्छ. मग ते कापायचं. कापल्या कडेतून येईल ती आतली बुरशी. सोपं आहे, पण माझ्याच बश्यांत भलतं पांढरं उगवतंय. शेजारच्या टेबलावर काम करणारा शाजहान सगळ्यांदेखत म्हणाला, या बाईनं नुसतं बघितलं तरी बशी नासते, हिला बसवा दह्याच्या दुकानात. मीही हसले. मान मात्र दिवसभर वर झाली नाही.

१९ जून
हल्ली हातही ब्लीचनंच धुते. नखाजवळ कातडी फाटलीय. आज टीचरांना चार दिवसांपूर्वी बशीत उमटवलेला माझ्या बोटाचा ठसा दाखवला. कोरा करकरीत! त्या म्हणाल्या, शाबास मुली, हात असा हवा. शाजहानचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२३ जून
त्या फाटलेल्या कातडीचा तुकडा सहज बशीत ठेवला होता. कडेतून पांढरे तंतू आलेत. जायफळाच्या पानातून येतात, तेच.
बशी उकळून फेकली. सांगू कुणाला? आत्ताच तर शाबासकी घेतली. स्वतःच्या हाताची लाज वाटते.

२८ जून
मालूचं उष्टावण. केळीच्या पानावरचा भात एकेकानं बोटानं भरवायचा. मी मागे मागे राहिले होते. चेची म्हणाली, पुढे ये गं, सगळ्यांत स्वच्छ हात तुझा, टीचरच सांगत होत्या. सगळे बघायला लागले. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. ठसा कोरा होता ना, असं मनाला बजावलं आणि भरवला. मालूनं बोट धरून चोखलं. फाटलेलंच.

४ जुलै
मालू तापानं फणफणलीय. जिभेवर पांढरा थर. दूध साचलंय म्हणते चेची. पुसते, पुन्हा येतं. तू यातलीच ना, बघ बरं, म्हणाली. वाकून बघितलं — तंतू —
दूधच आहे, म्हटलं मी.
काय बाई आहे मी!

५ जुलै
दवाखान्यात नेलीय. डॉक्टरांना उमगत नाही. काय आहे ते कळलं तर औषध तरी —
जिना उतरले. परत वर आले.
चेचीचा फोन. मालू कुणाकडून घोटभर पाणी घेत नाही. रडत म्हणाली, तूच येऊन पाज, तुझ्या हातचा भात कसा खाल्ला होता तिनं —
येते म्हटलं. येते कसं म्हटलं मी?
मला दवाखान्यात न्यायला शाजहान रिक्षा घेऊन आलाय, खालून हाका मारतोय. उतरतेच. रिक्षात बसल्या बसल्या त्याला सांगते, की मीच —