कमळीची बाटली

॥ श्री ॥

वाणगाव,
७ एप्रिल १९८६

चि. सोनलस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आज चिकूच्या टोपलीत हात घालताना जपून बरं का! वरचे चिकू तुझ्या होस्टेलच्या मैत्रिणींना. खाली पेंढ्यात बर्फाचा थर्मास आहे, त्यात तू पाठवलेली बाटली. आत काय आहे ते गाडीच्या गार्डसाहेबांना सांगितलेलं नाही. घरचं तूप समजून त्यांनी टोपली अगदी जवळ ठेवून घेतली.

थट्टा राहू दे, बाटलीत आजारी पोरीची शी आहे; कोणाची ते निरोपात सांगायचं राहिलं. आपल्या स्टेशनच्या क्वार्टरमागच्या पाड्यावरची धाकली, तिची कमळी. तुझ्या वेण्या ओढायची ना, तीच. चार दिवस जुलाब होताहेत, आव आणि रक्त पडतंय. दवाखान्यातलं गुलाबी औषध चालू आहे, पण उतार म्हणून नाही. गेल्या उन्हाळ्यात धाकलीचा मुलगा याच दुखण्यात गेला. ती दिवसभर पोरीला मांडीवर घेऊन बसते. तुझी आई तिथेच मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजते आहे.

कुठला जंतू कुठल्या औषधाला भितो हे तू शिकतेस ना, मग शोध. नक्की कळलं तर औषध बदलतो, असं डॉक्टर म्हणाले. प्रकृतीला जप, आणि आमच्यावर रागवायचं असेल तर पत्रातून रागव.

तुझे बाबा

मुंबई,
९ एप्रिल

ती. बाबांना सोनलचा शि. सा. नमस्कार.

बाबा, काय हो केलंत! जंतू वाढवायची प्लेट कोरी! एक ठिपका उगवला असेल तर शपथ. आमच्या लॅबच्या मॅडमनी शेवटी बाटली हुंगली आणि माझ्या हातात दिली. स्टेशनचं फिनेल!

अहो, आतलं पाणी मीच घातलं होतं, जंतू वाटेत जगावेत म्हणून. तुम्ही ते घाण समजून ओतलंत आणि बाटली लख्ख धुतलीत. तुमच्या फिनेलपुढे कुठलाच जंतू टिकत नाही हे सिद्ध झालं, पण ते कमळीला पाजता येत नाही ना!

गार्डसाहेबांबरोबर नवी बाटली पाठवते आहे. कृपा करून धुऊ नका, पुसू नका. उद्याच परत पाठवा. कमळीचं पाणी आणि अंगावरचं दूध बंद करू नका, आईला पुन्हा पुन्हा सांगा. मला अभ्यास सुचत नाही. तिचं कसं आहे ते दोन ओळी तरी लिहा.

तुमची घाबरलेली सोनल

मुंबई,
१३ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

सापडला! सापडला! शिगेला नावाचा जंतू आहे, आणि काय माजलाय! प्लेटवर आम्ही औषधांच्या छोट्या टिकल्या ठेवतो. औषधाला जंतू भीत असेल तर टिकलीभोवती मोकळं कडं पडतं. कमळीच्या गुलाबी औषधाच्या टिकलीला तर हा खेटून वाढलाय! दुसरीला तसंच, तिसरीला तसंच. आणि कडेच्या टिकलीभोवती हे एवढं कडं, रुपयाएवढं! त्या औषधाचं नाव नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड. मी लॅबमध्ये किंचाळले. मॅडम रागावल्या, मग वाकून बघितलं आणि स्वतःच टाळी दिली.

डॉक्टरांसाठी मॅडमची चिठ्ठी सोबत आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन जा. आणि धाकलीला बजावा, बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस सगळं औषध द्यायचं. अर्धवट घेतलेल्या औषधातून वाचलेले जंतूच असे निगरगट्ट होतात. घरात सगळ्यांनी हात साबणाने धुवा. मला पोस्टमनकडे बघून बघून वेड लागायची पाळी आलीय, तेव्हा उत्तराची दया व्हावी.

तुमची लाडकी सोनल

वाणगाव,
२० एप्रिल

चि. सोनलस आशीर्वाद आणि एक शाबासकी.

पोरी, जिंकलीस! दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं, तिसऱ्या दिवशी कमळीने माझ्या हातातला चिकू हिसकावला. तुझी आई रडली. मीही रडलो, लिहायला लाज कसली.

पण मग तमाशा झाला. कमळी खेळायला लागली तशी धाकली उरलेलं औषध घेऊन रानशेतला निघाली, भावाच्या आजारी पोराला द्यायला. त्यांच्या पाड्यात घरात आलेली वस्तू एकट्याने संपवायची रीतच नाही. तुझ्या आईने तिला फाटकात धरलं. मी चिडलो, धाकलीही चिडली. पोर तडफडतंय आणि औषध माझ्या घरात ठेवू, असलं पाप करू का, असं तिने मलाच विचारलं. शेवटी भाच्याला दवाखान्यात आणवलं, त्याला त्याची वेगळी बाटली मिळाली. कमळीची मी स्टेशनमास्तरच्या कचेरीतल्या कपाटात हिरव्या-लाल झेंड्यांशेजारी कुलुपात ठेवली आणि प्रत्येक डोस माझ्यासमोर पाजवला.

काल ती बाटली संपली. रिकामी बाटली धाकलीने मागून घेतली. मग तिने मला घरी नेलं. फळीवर गेल्या साली मुलाला आणलेली बाटली अजून तशीच होती, अर्धी भरलेली. तिच्याशेजारी तिने ही रिकामी ठेवली. मग म्हणाली, की त्या वेळी औषध उरलं होतं, यंदा पोरगी उरली. सोनलताईला तेवढं कळवा.

म्हणून कळवतो. सुट्टी लागताच ये, वेण्या ओढणारी वाट बघते आहे.

तुझे बाबा