राहून गेलेला बोर्ड

प्रिय दादा,

खिलाडूवृत्तीवर दीड कॉलम मजकूर हवा आहे, संध्याकाळपर्यंत. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे गणूकाका मघापासून दारातून डोकावताहेत. या साप्ताहिकात इतकी वर्षं काढली, पण मजकुराला कधी उशीर केला नाही. आज मात्र पहिलं वाक्यच सुचेना. शेवटी तो कागद बाजूला सारला आणि तुला लिहायला बसलो.

सकाळी वामनराव आले होते. हो, तेच. कचेरीतले कारकून, तुझे कॅरमचे जोडीदार आणि वैरी. लढाईत रेशनिंगला दिलेलं वाचनालयाचं दालन परत मिळालं आहे आणि नाताळच्या आठवड्यात भिंगारचे सामने पुन्हा भरणार आहेत. कोल्हारचे खेळाडू येणार, जामखेडचे येणार. "आधी चार चांगले शब्द छापा मनोहरराव," म्हणाले, "हल्ली पोरं हरली की स्ट्रायकर आपटतात."

मी म्हटलं, "मग तुमच्या दंडाचीच गोष्ट लिहितो. सगळ्यांना ठाऊक आहे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "ती नको," म्हणाले. "त्या गोष्टीनं तुमच्या दादाला, शलमोनला, घरी बसवलं."

दादा, मला वाटत होतं की हे फक्त आपल्या घरालाच माहीत आहे.

तो रविवार तुला आठवतो? अर्थात आठवत असणार! अंतिम सामना, दोघे बरोबरीत, शेवटचा बोर्ड. लढाईमुळे बोरिक पावडर मिळत नव्हती, म्हणून रूथवहिनीनं डब्यातली तवकील दिली होती. वामनरावांची राणी कव्हरसकट घेऊन झाली होती आणि त्यांची एकच पांढरी उरली होती. तुझ्या काळ्या चार. त्यांनी ती पांढरी अलगद घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. नेम धरताना माझ्या बाहीनं काळी हलली. दंड."

कुणी पाहिलं नव्हतं. पंचांनी नाही, तूही नाही. पांढरी बाहेर आली, दंडाची आणखी एक आली आणि स्ट्रायकर तुझ्याकडे आला. मग तू त्या चारही काळ्या एकामागून एक घेतल्यास. चौथी तर कडेला चिकटून बसलेली! समोरच्या कडेवर मारून, परतीच्या फटक्यानं काढलीस. असा फटका मी पुन्हा पाहिला नाही.

पण तो फटका पाहिला कुणी? लोक उठलेच होते. वामनरावांना खांद्यावर घेऊन 'खेळाडू असावा तर असा!' म्हणत सगळा घोळका रस्त्यावर गेला. दालनात तू, मी आणि टेबलावरचा कप.

तू सोंगट्या मांडायला घेतल्यास. मधे राणी, भोवती काळ्या-पांढऱ्या. सलोख्याचा बोर्ड! ती रीत तूच घालून दिली होतीस ना? कोल्हारच्या आणि जामखेडच्या खेळाडूंची बाचाबाची होऊन खुर्ची मोडली, त्या वर्षी. तू म्हणाला होतास, "अंतिम सामना संपला की दोघांनी एक बोर्ड बिनगुणांचा खेळायचा. फोडायचा मान हरलेल्याचा. तो झाल्याशिवाय कुणी दालन सोडायचं नाही." तेव्हापासून एकाही वर्षी ती रीत चुकली नव्हती.

त्या दिवशी चुकली. तू मांडलेल्या सोंगट्यांसमोर बसून राहिलास. बाहेरचा गलबला पार वेशीपर्यंत गेला, तरी तू बसलेला. शेवटी शिपाई गालिचा गुंडाळायला आला, तेव्हा तू राणी उचलून डब्यात टाकलीस.

पुढचं सगळं हळूहळू झालं. टांग्याच्या अड्ड्यावर तुला बघून कोणीतरी ओरडलं होतं, "काय टेलरमास्तर, कप लई जड हाय का? का फुकटचा हलका लागतोय?" सगळे हसले. तूही हसलास. घरी येऊन कप रिळांच्या फळीमागे ढकललास. नंतर वहिनी त्यात बटणं ठेवू लागली.

ज्यानं दंड सांगितला, त्याचं नाव झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण तू काय वाईट केलं होतंस? तुला कुणी दान दिलं नव्हतं. तुझी पाळी आली आणि तू खेळलास. एवढं साधं कुणी बोलून का दाखवलं नाही? हरणाऱ्याचं मोठं मन वाखाणताना जिंकणाऱ्याला पार विसरायचं, हीही खिलाडूवृत्तीच का?

तुझ्या बोटांना ती सवय होती ना, कापडावरसुद्धा टिचकी मारायची? त्यानंतर ती गेली. पलटणीचे सदरे शिवत राहिलास. मी म्हणायचो, "दादा, रविवारी एक बोर्ड टाकू या." तू म्हणायचास, "तुझा हात लेखणीचा. तुझ्याशी कसलं खेळायचं?" पूर्वी हे वाक्य तू चिडवायला म्हणायचास. नंतर ते नुसतं उत्तर उरलं.

मग मुदतीचा ताप आला आणि तू गेलास. मातीला वामनराव आले होते. फाटकाशीच टोपी हातात घेऊन उभे. मला वाईट वाटलं, रागही आला. आत का येत नाहीत? जिवंतपणी एकदा तरी का आले नाहीत?

आज मी त्यांना तेच विचारलं, शक्य तितक्या शांतपणे.

ते म्हणाले, "मला उचललं तेव्हा मी ओरडत होतो, अरे खाली ठेवा, बोर्ड राहिलाय. कोण ऐकतो! दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तुमच्याकडे आलो. शलमोन मशीनवर होता. म्हटलं, चल रे, कालचा राहिलाय. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, वामन, कापड अर्ध्यावर आहे. पुन्हा गेलो, पुन्हा कापड अर्ध्यावर. मी येत राहिलो. मग एकदा वहिनीच दारात येऊन म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आलात की ते जेवत नाहीत हो. मग मी जायचं सोडलं."

दादा! हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? वहिनीलाही गप्प केलंस? मी इतके दिवस त्या माणसाला मनातल्या मनात दोष देत राहिलो.

रागावू नकोस, पण एक बोलतो. लोक चुकले, यात शंका नाही. पण तू मांडलेल्या बोर्डासमोर बसून राहिलास ना, तिथे तूही थोडा चुकलास. उठायचं होतंस. घोळक्यात शिरून वामनरावांचा हात धरून म्हणायचं होतंस, "चल, फोड." रीत तुझी होती. हरलेल्यानंच यावं, असं तिच्यात कुठे होतं? आणि तो आला तेव्हा तुझं कापड अर्ध्यावर! असं कुठलं कापड होतं रे, की जे मरेपर्यंत पुरं झालं नाही?

हे मी तुला समोर विचारायला हवं होतं. आता विचारून काय उपयोग?

वामनराव उठताना म्हणाले, "माझा एक बोर्ड द्यायचा राहिला." आणि छत्री विसरून गेले. ती इथे कोपऱ्यात आहे.

गणूकाका पुन्हा आले. त्यांना सांगितलं, मजकूर देतो. त्यात दंडाची गोष्ट असेल, पण ती तिथे संपणार नाही. कडेला चिकटलेली काळी कशी निघाली, तेही असेल. तुझं नाव पहिल्या ओळीत असेल.

आणि तुला एक वचन देतो. सामने सुरू होतील त्या दिवशी, पहिल्या खेळाच्या आधी, सगळ्यांच्या देखत वामनरावांशी तो बोर्ड मी खेळेन. फोडायचा मान त्यांचा. माझा लेखणीचा हात, हरेनच बहुतेक. हरलो तर हात पुढे करीन. आणि चुकूनमाकून जिंकलो, तर दादा, मी जागेवर बसून राहणार नाही. उठून टेबलाच्या पलीकडे जाईन.

छत्री परत द्यायला आजच निघतो.

तुझा धाकटा,
मनोहर